मी हरवलेली नाही

स्लेट फोर्क कॅम्प
४ सप्टेंबर

व्हर्लिन,

मी हरवलेली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे शेरीफच्या कचेरीत जाऊन पुन्हा डोळे पुसायची वेळ तुझ्यावर येणार नाही. शेरीफच्या हाताखालचा कोल्बी म्हणतो, तू खरंच रडलास. मला पटत नाही. तुझी आई गेली त्या दिवशी तू अंगणात ट्रकचं तेल बदलत बसला होतास.

आज सकाळी कोल्बी आला तेव्हा मी बेकन तळत होते. पोरगा गाडीतून उतरला, टोपी काढून हातात धरली आणि मयताला आल्यासारखा उभा राहिला.

"काकू, बऱ्या आहात ना?"

"तुला कशी दिसतेय?"

"नाही, काकांनी बेपत्ता म्हणून नोंद केलीय. म्हणाले, हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही, कुठेतरी भरकटल्या असाल..."

"कोल्बी, तुझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तू पाद्र्याच्या शर्टावर ओकला होतास. निळा शर्ट होता. अजून काही आठवून दाखवू?"

मग तो हसला, बसला, तीन अंडी खाल्ली. निघताना म्हणाला, "मी असं लिहितो की बाई सज्ञान आहे, स्वखुशीने तंबूत राहते आणि कॉफी चांगली करते." घे. सरकारदरबारी नोंद झाली.

मी का निघाले ते तुला ठाऊक नाही, असं तू सगळ्यांना सांगतोयस म्हणे. मग ऐक. गेल्या मंगळवारी तू बाजारात गेला होतास तेव्हा आपल्या दारात एक बाई आली. हातात मोजपट्टी. गोड होती. म्हणाली, "तुमचं घर आम्ही घेतोय ना, पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घ्यायला आलेय. तुमच्या मिस्टरांनी सांगितलं, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत तुम्ही फ्लोरिडाला जाणार, त्यांच्या भावाच्या शेजारी." मी तिला आत घेतलं. कॉफी दिली, ॲपल पाय कापून दिला. आणि ती एकटीच होती म्हणून मोजपट्टीचं दुसरं टोक मी धरलं, व्हर्लिन. माझ्या आईने ज्या खिडक्यांना दर वसंतात रंग दिला, त्यांची मापं दुसऱ्या बाईच्या पडद्यांसाठी मी स्वतः धरून दिली.

ती गेल्यावर मी शेडमध्ये गेले आणि तुझा तंबू खाली ओढला.

हो, तुझाच. हिरवा, कॅनव्हासचा, हरणांच्या शिकारीचा. लग्न झाल्यापासून दर नोव्हेंबरला तू आणि तुझा भाऊ हर्शेल तो घेऊन डोंगरात जाता. दर ऑक्टोबरला मी त्याच्या शिवणी उसवते, पुन्हा घालते, मेण चोळते. तुमच्यासाठी घेवडा शिजवून डबे भरते. त्या तंबूची एकूण एक शिवण माझ्या हातची आहे आणि मी त्यात कधी डोकंसुद्धा घातलं नव्हतं. आता घातलंय.

घर माझ्या आईचं होतं, आता दोघांच्या नावावर आहे. माझ्या सहीशिवाय ते विकता येणार नाही. मी सही करणार नाही.

काळजी करू नकोस. पहिली रात्र छान गेली. गाडीची सीट पूर्ण मागे पाडली की बऱ्यापैकी झोप लागते.

ओनिडा

१६ सप्टेंबर
स्लेट फोर्क, वरची रांग

व्हर्लिन,

तुझं पत्र झेल्माने आणून दिलं. दोन ओळी. "पुरे झालं. घरी ये. तीस तारखेला सह्या आहेत." ट्रकचा सुटा भाग मागवतानासुद्धा तू याहून जास्त लिहितोस.

झेल्मा म्हणजे इथली राखणदारीण. कॅम्पच्या पुलापाशी तिचा ट्रेलर आहे. उन्हाळाभर तिथे राहते, नवे लोक आले की जागा दाखवते, सरपण विकते, दंगा करणाऱ्यांना हाकलते. वय माझ्याहून दहा वर्षं जास्त आणि कंबर कामातून गेलेली, पण आवाज असा की पलीकडच्या खोऱ्यातली कुत्री गप्प बसतात. पहिल्याच दिवशी माझा तंबू बघून म्हणाली, "बाई, ही तंबू उभा करायची पद्धत आहे की वाळत घालायची?"

मी म्हणाले, "मी शिवते. उभा करायचं काम नवऱ्याचं."

"मग नवरा कुठाय?"

"फ्लोरिडा विकत घेतोय."

ती इतकी हसली की खोकला लागला. मग खुर्चीत बसूनच तिने मला सगळं शिकवलं. दोर झाडाला कसा आवळायचा, उताराचं पाणी कुठून येणार ते आधी कसं बघायचं, ओल्या लाकडाची साल काढून आतलं कोरडं कसं मिळवायचं. एका जागी दोन आठवड्यांवर राहू देत नाहीत, म्हणून काल मी वरच्या रांगेत आले. तंबू एकटीने उतरवला, एकटीने उभारला. थोडा डावीकडे झुकलाय. तूही झुकतोस.

तू पाठवलेला पाद्री येऊन गेला. चिकनची मोठी ताटली आणि बायकोच्या कर्तव्याबद्दल एक वचन घेऊन आला होता. ताटली मी ठेवून घेतली. वचन तो सुरू करणार इतक्यात झेल्मा म्हणाली, "ब्रदर, तुमचे हात मोकळे दिसतायत," आणि त्याच्याकडून अख्खी ढीगभर लाकडं वर वाहून घेतली. जाताना त्याला आशीर्वाद द्यायलाही दम उरला नव्हता.

अस्वलाबद्दल तुला कोणी सांगितलं असेल तर ते वाढवून सांगितलंय. ते माझ्याजवळ आलं नव्हतं, मक्याच्या पावाजवळ आलं होतं. चूक माझी, पाव टेबलावर राहिला. मी तवा आणि डाव बडवत त्याच्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते पाद्र्याला सांगता येणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाव उचलला आणि सावकाश निघून गेलं. घरात इतकी वर्षं काढल्यावर ते वागणं मला ओळखीचं वाटलं.

गुडघा ठीक आहे. ओढ्यात दगडावरून पाय सरकला होता एवढंच.

तीस तारखेला मी येणार नाही.

ओनिडा

२३ सप्टेंबर

व्हर्लिन,

पोरीला मध्ये घालायला नको होतंस.

टॅमरा रोनोकहून काल दुपारी आली, सुट्टी काढून. एका हातात कागद, दुसऱ्या हातात पेन. गाडीचं दार लावायच्या आधीच सुरू झाली.

"ममा, तू सहासष्ट वर्षांची आहेस! माझ्या ऑफिसात लोक विचारतात, आई कशी आहे. मी काय सांगू? आई जंगलात राहते?"

"सांग की. खोटं आहे का?"

"डॅडी एकटे आहेत. डब्यातलं सूप पितात."

"डबा उघडायला शिकले? बरं झालं."

"हसू नकोस! सही कर आणि चल. फ्लोरिडात काय वाईट आहे? उन्हात बसशील."

मी तिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

तिने पेन खिशात घातलं. मग म्हणाली, "जुलैमध्ये."

जुलै, व्हर्लिन. जुलैत मी तुझ्यासमोर बसून टोमॅटो बरण्यांत भरत होते. पुढच्या वर्षी कोणतं बी लावू, असं तुला विचारत होते. तू म्हणालास, तुला हवं ते लाव.

तिला मी ओरडले नाही. खायला घातलं. संध्याकाळी घाटात धुकं उतरलं म्हणून तिला परत जाता येईना, मग तंबूतच झोपली. सकाळी मी उठले तर ती आधीच बाहेर, फुंकून फुंकून चूल पेटवत होती, डोळे धुराने लाल. मला म्हणाली, "मी नऊ वर्षांची असताना डॅडींच्या मागे लागले होते, मला शिकारीला न्या म्हणून. ते म्हणाले, तंबूत जागा नाही. ममा, यात सहा माणसं झोपतात."

"आठ. दाटीवाटीने."

कॉफी उतू गेली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग कागद गाडीत ठेवून आली आणि म्हणाली, "डॅडी काहीतरी लपवतायत. मला सगळं माहीत नाही, आणि जे माहीत आहे ते सांगू नको म्हणून शपथ घातलीय. तू त्यांनाच विचार."

मी विचारणार नाही. मला सांगायचं काम ज्याचं आहे, त्याने सांगावं. फ्लोरिडाला बाई असेल तर तिला माझी एक सूचना कळव: मोजे उलटे करून धुवावे लागतात.

ओनिडा

पाऊस लागलाय. जमीन आताच पाण्याने भरल्यासारखी वाटते.

४ ऑक्टोबर
स्लेट फोर्कच्या वर, जुन्या लाकूडवाटेवर

व्हर्लिन,

हे पत्र टॅमराच्या पत्त्यावर पाठवते. नळी नाकात असताना तुला बोलता येत नाही असं ती म्हणाली. उत्तम. म्हणजे मध्ये बोलणार नाहीस.

तू आलास त्याच्या आधीचं तुला माहीत नाही. आधी ते सांगते.

पाऊस थांबेचना. गुरुवारी दुपारी ओढ्याचा आवाज बदलला. पाण्याचा आवाज येईनासा झाला, तळातून धोंडे गडगडत जाताना ऐकू यायला लागले. मी खाली झेल्माकडे गेले तर ती ट्रेलरमध्ये बसून पत्ते लावत होती.

"झेल्मा, वर चल."

"हा ओढा मी तीस वर्षं ओळखते. माझ्या पायरीला कधी शिवला नाही."

"आज तो तुला ओळखत नाहीये. उठ."

"माझ्या कंबरेने तो चढ होणार नाही, ओनिडा. तू जा. मी पत्ते पुरे करते."

मी कधी कोणाला शिवी दिली नव्हती, अस्वल सोडून. झेल्माला दिली. मग तिला तिच्याच घडीच्या खुर्चीत बसवलं. ओहायोचं एक जोडपं होतं कॅम्पमध्ये, नवीन लग्न झालेलं, त्यांना हाक मारली आणि आम्ही तिघांनी खुर्ची उचलून, पूर्वी ओंडके उतरवायचे त्या लाकूडवाटेच्या चढाने वर आणली. ती वाटभर आम्हाला शिव्या घालत होती. बाकीच्या तंबूंतले लोकही मागोमाग आले. आम्ही वळणावर पोचलो आणि पूल गेला. मोडला वगैरे नाही. होता, मग नव्हता. त्यामागून ट्रेलर गेला, बदकासारखा गोल फिरत. झेल्मा म्हणाली, "माझी इस्पिकची राणी होती हातात," आणि मग रडली.

त्यांचे ते नवे, पातळ, रंगीबेरंगी तंबू वाऱ्याने फाडून टाकले. तुझा उभा राहिला. माझ्या शिवणींतून एक थेंब आत आला नाही. आत नऊ माणसं होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला. रस्ता नाही, फोन नाही. ज्याच्याकडे जे होतं ते मी एकत्र केलं. घेवडा, कांदे, कोणाचं सॉसेज, ओहायोवाल्यांचा कसलासा महागडा भात. ताडपत्रीखाली चूल मांडली. तुझ्या शिकारीच्या गटाला इतकी वर्षं घातलंय मी, नऊ जण म्हणजे काय!

आणि दुपारी तू डोंगराच्या पाठच्या बाजूने उतरून आलास. हरणांच्या वाटेने. खांद्यावर दोर, हातात कुदळ, गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्यासमोर उभा राहून म्हणालास, "मला वाटलं, तू..."

मी म्हणाले, "भूक लागली असेल तर ताटली घे आणि रांगेत उभा राहा."

ते वाक्य मी परत घेणार नाही. कारण तू उभा राहिलास. मुकाट्याने, ओहायोवाल्या पोरीच्या मागे. मी डाव हलवत होते आणि तुझ्याकडे बघायला लागू नये म्हणून पातेल्यात बघत होते. तुझा नंबर यायच्या आधी तू खाली बसलास. मला वाटलं, दमलाय. झेल्मा खुर्चीतून ओरडली, "ओनिडा, याचे ओठ बघ! निळे पडलेत. माझ्या माणसाचे असेच व्हायचे. कोळशाच्या खाणीतला आहे ना हा?"

तेव्हा मला कळलं. नवऱ्याच्या छातीत कोळसा बसलाय हे मला परक्या बाईने सांगितलं, घेवड्याच्या पातेल्यापाशी, नऊ लोकांसमोर.

हेलिकॉप्टर आलं तेव्हा त्यात दोघांपुरती जागा होती. झेल्माला नेणं भाग होतं आणि तुला. तू माझी बाही सोडत नव्हतास. मी तुझी बोटं एकेक करून सोडवली. निर्दय वाटलं असेल. पण माझ्यामागे सात माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही ओलं लाकूड पेटवता येत नव्हतं.

रस्ता जोडल्यावर टॅमराशी फोनवर बोलले. तिने आता सगळं सांगितलं. डॉक्टरने मार्चमध्येच सांगितलं होतं की इथली थंडी तुला झेपणार नाही, उबदार जागी जा. तू हर्शेलला सांगितलंस. घर विकणाऱ्या एजंटला सांगितलंस. पोरीला अर्धं सांगितलंस. ज्या बाईच्या शेजारी तू रोज रात्री खोकत होतास, तिला म्हणालास, धूळ आहे.

का? टॅमरा म्हणते, तुला मला घाबरवायचं नव्हतं. मी घाबरट आहे असं तुला कोणी सांगितलं? तू पाळीवर असताना खाणीचा भोंगा अवेळी वाजला की दर वेळी मी दारात उभी राहिले आहे, पोर कडेवर घेऊन, आणि तू वर आलास की तुला एवढंच विचारलंय, जेवण गरम करू का.

त्या फुफ्फुसांनी तू अख्खा डोंगर चढून आलास. त्या वाटेवर तू मेला असतास. माझ्यासाठी एवढं चढता येतं तुला, व्हर्लिन, मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

मी अजून चिडलेली आहे. बरा हो. चिडायला समोर माणूस लागतो.

ओनिडा

२९ ऑक्टोबर
लाकूडवाटेवरूनच

व्हर्लिन,

तुझं पत्र मिळालं. चार पानं! टॅमराने लिहून घेतलं असेल असं आधी वाटलं, पण स्पेलिंगच्या चुका तुझ्या आहेत.

खरेदी मोडली असं लिहितोस. मोडू दे. त्या बाईला दुसऱ्या खिडक्या मिळतील.

इथे आता पानं गळून गेलीत आणि डोंगराची हाडं दिसायला लागलीत. मी दर दोन दिवसांनी घरी जाऊन आंघोळ करते, पाइप गोठले नाहीत ना बघते आणि परत येते. ओढा साफ करायला बाहेरगावचे लोक येतात, चर्चचे, कॉलेजचे, त्यांना दुपारचं जेवण लागतं. सकाळी दहिवर पडतं. थंडी वाढली की तंबू उतरवीन, कोणी सांगितलं म्हणून नाही.

आता तुझ्या चौथ्या पानाबद्दल. तिथे तू लिहिलंयस: "ओनिडा, तू माझ्याबरोबर फ्लोरिडाला राहायला येशील का?"

हे मी तीनदा वाचलं. मग ओढ्यापाशी जाऊन बसले आणि आठवून बघितलं. लग्नाचंसुद्धा तू मला विचारलं नव्हतंस. तू म्हणाला होतास, "जूनमध्ये करू, मेमध्ये खाणीत पाळ्या जास्त असतात." कुठे राहायचं, कोणती गाडी, सुट्टीत कोणाकडे, सगळं मला कळवलं जायचं. तुला वाईट हेतू नव्हता. तुला वाटायचं, माणसाने बायकोवर ओझं टाकू नये. पण हे विचारणं तुला जड गेलं असणार. कागद त्या जागी खोडून खोडून फाटायला आलाय.

म्हणून उत्तर नीट, विचार करून देते. नाही.

तू जा. खरंच जा, लवकर जा, हर्शेल न्यायला येतोय तर त्याच्याबरोबर जा. छातीशी हट्ट करू नकोस. पण मला तिथे उन्हात बसवून ठेवू नकोस. तुझा दम गेलाय, माझा नाही. या दोन महिन्यांत मला कळलं की मला अजून बरंच येतं. ख्रिसमसला मी येईन, दोन आठवडे राहीन, समुद्र बघेन, तुझी औषधं बघेन, हर्शेलशी भांडेन आणि परत येईन. फेब्रुवारीत पुन्हा येईन. लोक म्हणतील, या वयात वेगळी राहते. म्हणू देत. पाद्री पुन्हा आला तर लाकडं अजून बरीच पडलीत. घरावर मात्र सही नाही. ते तुझं माझ्याइतकंच आहे आणि उन्हाळ्यात तुला परत यायला दार लागेल.

झेल्मा आता तिच्या मुलीकडे राहणार. कंबरेचं ऑपरेशन झालं, परवा फोनवर नर्सवर ओरडत होती, म्हणजे बरी आहे. वनखात्याची माणसं येऊन गेली. कॅम्प नव्याने बांधतायत, ओढ्यापासून लांब, आणि तिच्या जागी राखणदारीण म्हणून मला विचारलं. मी हो म्हणाले. त्यांना थोडं थांबून सांगते म्हणायला हवं होतं, पण थांबवेना.

तर आता माझा प्रश्न. मेमध्ये इथे ऊब येते. नवी जागा सपाट आहे, चढ नाही, गाडी दारापर्यंत येते, दवाखाना जवळ आहे. मी डॉक्टरलाही विचारून घेतलं, तुझ्या पाठीमागे, तुझ्याकडूनच शिकले. तो म्हणाला, उन्हाळ्यात चालेल. सकाळी धुरापासून लांब बसायचं, आलेल्यांना जागा दाखवायची, मासे कुठे लागतात ते खोटं सांगायचं. संध्याकाळी माझ्या हातचं जेवायचं, पण भांडी तुझी.

व्हर्लिन, तू मेमध्ये माझ्याकडे राहायला येशील का?

नाही म्हणालास तरी चालेल. आपल्यात आता ते म्हणता येतं.

ओनिडा